माइंड मॅपने कामाचं नियोजन कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शेती, छोटा उद्योग, बचत गट, ग्रामपंचायत किंवा शाळेचं काम हाती असलेल्या माणसांसाठी हे पान आहे. उदाहरणं इथलीच घेतली आहेत. सगळ्यात मोठं उदाहरण तीन एकर केळीच्या मृगबागेचं (जूनच्या सुमाराला, मृगात लावायच्या बागेचं) आहे, कारण त्या एका कामात जमीन, ठिबक, रोपं, वीज, मजूर, कागदपत्रं असं सगळं येतं आणि तारीख चुकली तर पुढचं वर्षभर ती चूक शेतात उभी राहते.

माइंड मॅप म्हणजे नक्की काय?

कागदाच्या मधोमध कामाचं नाव लिहायचं. त्यातून चारी बाजूंना जाड फांद्या काढायच्या, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळ्यांना पानं. झाडासारखी मांडणी फार जुनी आहे. तिला हे नाव देऊन ती घरोघरी पोचवली ती ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी, १९७० च्या दशकात. या लेखात आम्ही चारच शब्द वापरतो: मध्य, फांदी, डहाळी आणि पान. पान म्हणजे सगळ्यात टोकाचं, प्रत्यक्ष हाताने करायचं काम.

नियोजनात माइंड मॅप दोन गोष्टी चांगल्या करतो. कामात काय काय दडलंय ते बाहेर काढतो, आणि कुठली गोष्ट कशात मोडते ते दाखवतो. आधी काय, नंतर काय आणि कोणत्या तारखेला, हे मात्र त्यात दिसत नाही. ‘नकाशा काढला, भिंतीला लावला, तरी काम रखडलं’ ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने येते. नकाशा काढल्यावर त्याचं वेळापत्रक करावंच लागतं. ते कसं, हे पुढे दिलं आहे.

साधी यादी केली तर चालत नाही का?

पंधराएक कामं असतील तर यादीच बरी, नकाशाच्या भानगडीत पडू नका. काम मोठं असेल तेव्हा यादी दगा देते. ती आठवेल त्या क्रमाने लिहिली जाते आणि साठ ओळींच्या यादीत काय राहून गेलं ते डोळ्यांना कळत नाही. नकाशात ते कळतं. ‘ठिबक’ फांदीला बारा पानं आणि ‘वीज’ फांदीला एकच पान असं दिसलं की हात तिथेच थांबतो. स्टार्टर तपासला का? केबल पुरते का? थ्री फेज त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री? उघडी फांदी प्रश्न विचारते, आणि नकाशाचा खरा फायदा हाच आहे.

सुरुवातीला काय काय साहित्य लागतं?

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मोठी कार्डशीट (साधारण २२ × २८ इंच), एक पेन्सिल, खोडरबर, तीन-चार रंगांची स्केचपेनं आणि ३ × ३ इंचाच्या चिकटचिठ्ठ्यांचं एक पॅड. एकट्याचं छोटं काम असेल तर ए-३ कागद पुरतो. ए-४ वर काढू नका. तिसऱ्या पातळीला जागा संपते, मग माणूस कामं लिहायचीच टाळतो.

कागद आडवा धरा, पानांना रुंदी लागते. कार्डशीट मिळाली नाही तर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू चिकटवूनही काम होतं.

मध्यभागी काय लिहायचं?

इथे पाच मिनिटं जास्त घाला, पुढचे दोन तास वाचतात. लोक मधोमध ‘केळी’ किंवा ‘चिप्स उद्योग’ लिहितात. हा विषय झाला, काम नव्हे. विषयाला शेवट नसतो, त्यामुळे फांद्याही वाढतच जातात: वाण, बाजारभाव, निर्यात, रोग, सगळंच त्यात येऊन बसतं.

मध्यात काम पूर्ण झाल्यावर दिसणारी स्थिती लिहा, मापासह आणि तारखेसह. उदाहरणार्थ: ‘३ एकर मृगबाग, १५ जूनपर्यंत सगळी रोपं लागून ठिबक चालू’. किंवा ‘गटाचं चिप्स युनिट, दिवाळीच्या एक महिना आधी पहिली विक्री’. आता कुठलीही चिठ्ठी उचलून विचारता येतं की हे त्या तारखेपर्यंत लागतं का? घड कापणी, व्यापारी, भाव हे सगळं लागत नाही, म्हणून त्याचा नकाशा वेगळा.

एक कसोटी अशी: मध्य वाचून शेजारच्या माणसाने ‘झालं की नाही झालं’ हे एका शब्दात सांगता आलं पाहिजे.

मुख्य फांद्या किती असाव्यात आणि कशा पाडाव्यात?

पाच ते सात, फार तर आठ. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं की एका वेळी सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतकेच गट मनात धरता येतात. पुढच्या संशोधनात हा आकडा आणखी खाली आला. म्हणून फांद्या आठच्या पुढे गेल्या तर दोन एकत्र करा.

पाडण्याच्या पद्धती अनेक आहेत: वस्तूच्या भागांनुसार (जमीन, ठिबक, रोपं), टप्प्यांनुसार (आधी, त्या दिवशी, नंतर), जागेनुसार, माणसांनुसार. लग्नाला टप्प्यांची पद्धत बसते: साखरपुडा, हळद, लग्न, पाठवणीनंतर. केळीबागेला किंवा बांधकामाला भागांची. माणसांनुसार शक्यतो पाडू नका. नानांची फांदी, आबांची फांदी असं केलं की ज्या कामाला माणूस ठरलेला नाही ते नकाशावर येतच नाही, आणि राहून जाणारं काम नेमकं तेच असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पद्धतींची सरमिसळ. ‘ठिबक’, ‘मे महिना’ आणि ‘नाना’ या तीन फांद्या एकाच पातळीवर आल्या तर ‘मे महिन्यात नानांनी सबमेनचे (ठिबकच्या नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपाचे) चर खोदून घेणे’ हे काम कुठे लिहायचं? ते तीन ठिकाणी तरी येतं, नाहीतर कुठेच येत नाही.

पहिला नकाशा काढायची रीत काय?

दीड तास बाजूला काढा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली दहा मिनिटं मध्य ठरवा आणि पेन्सिलीने लिहा. नंतरची वीस मिनिटं फांद्यांचा विचारच करायचा नाही. डोक्यात येईल ते प्रत्येक काम एका चिकटचिठ्ठीवर, एका चिठ्ठीला एकच. चाळीस-पन्नास चिठ्ठ्या सहज होतात. वीसवर अडकलात तर काम जसं घडेल तसं मनात चालून या: शेताच्या फाटकातून आत शिरा, विहिरीपाशी थांबा, फिल्टरपाशी या, पहिल्या ओळीतलं पहिलं रोप हातात घ्या. आत कुठलं खत पडलेलं असायला हवं, खड्डा कुणी खणला, पाणी कुठून आलं, असं विचारत गेलं की आणखी पंधरा चिठ्ठ्या निघतात.

मग वीस मिनिटं चिठ्ठ्यांचे ढीग करा. जवळच्या जवळ ठेवत गेलं की पाच-सात ढीग आपोआप पडतात आणि ढिगाचं नाव तीच फांदी होते. कुठल्याच ढिगात न बसणाऱ्या चिठ्ठ्या फेकू नका, एका कोपऱ्यात लावा. त्यातूनच पुष्कळदा एक विसरलेली फांदी निघते. आता कागदावर फांद्या रंगवा, प्रत्येकीला एक रंग, आणि चिठ्ठ्या आपापल्या जागी चिकटवा.

पुढची वीस मिनिटं एकेक फांदी घेऊन विचारा: या फांदीखालची सगळी पानं झाली, तर ही फांदी खरोखर पूर्ण झाली का? प्रकल्प व्यवस्थापनात याला शंभर टक्क्यांचा नियम म्हणतात. पोरांची बेरीज बापाएवढी भरली पाहिजे, कमीही नको आणि जास्तही नको.

उरलेल्या वेळात प्रत्येक पानाखाली एक नाव लिहा. दोन नावं लिहिली तर ते काम कुणाचंच राहत नाही.

फांदीवर एकच शब्द लिहायचा असं सांगतात. ते बरोबर आहे का?

अभ्यासाच्या टिपणांसाठी बरोबर आहे. कामाच्या नियोजनात मुख्य फांदीवर एक-दोन शब्द ठीक, पण पानावर क्रियापद हवंच. ‘कोटेशन’ असं लिहिलं तर ते मागवायचं आहे, आलंय की तपासायचंय ते कळत नाही. ‘तीन दुकानांकडून कोटेशन मागवणे’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

देवनागरीत काढताना एक अडचण हमखास येते. फांदीची रेघ शब्दाखाली मारली तर वर शिरोरेषा, खाली रेघ आणि मधे उकार-रुकार दाटीला येतात. त्यापेक्षा फांदीची रेघ हीच शिरोरेषा धरा आणि अक्षरं तिला खाली लटकवा. वरच्या वेलांट्यांना अर्धं बोट जागा ठेवा. नकाशा लगेच मोकळा आणि वाचनीय होतो. फांदी तिरकी असली तरी शब्द आडवाच लिहा, मान वाकडी करून कुणी नकाशा वाचत नाही.

फांदी कुठपर्यंत फोडत न्यायची?

तीन अटी पुऱ्या झाल्या की थांबा: एकाच माणसाला सांगता येतं, एक ते तीन दिवसांत होतं, आणि झाल्यावर डोळ्यांनी तपासता येतं. ‘ठिबक बसवणे’ या तिन्हीत नापास होतं. ‘सबमेनसाठी चर खोदणे’ पास होतं. ‘फावडं आणणे’ हे फारच बारीक झालं, ते चर खोदण्याच्या पोटात धरा.

सगळ्या फांद्या सारख्या खोल असाव्यात असं काही नाही. दरवर्षी करत आलेलं काम दुसऱ्या पातळीला थांबवलं तरी चालतं. पहिल्यांदाच करत असाल ते चौथ्या पातळीपर्यंत फोडा.

केळीबागेचं पूर्ण उदाहरण द्याल का?

मध्य: ‘३ एकर मृगबाग, १५ जूनपर्यंत सगळी रोपं लागून ठिबक चालू’.

आधी आकडे, कारण पानांवर आकडा नसेल तर खरेदी चुकते. अंतर ५ × ५ फूट धरलं तर एकराच्या ४३,५६० चौरस फुटांत १,७४२ रोपं बसतात. तीन एकरांना ५,२२६. नांग्या (रोपं मेलेल्या मोकळ्या जागा) भरायला ५ टक्के जास्तीची धरली की २६१ आणखी, म्हणजे नोंदणी ५,५०० ची. अंतर ६ × ५ केलं तर एकरी १,४५२ वर येतं, म्हणून अंतराचा निर्णय हे नकाशावरचं पहिलं पान. तो ठरल्याशिवाय रोपंही सांगता येत नाहीत आणि नळीही. पाच फुटांच्या प्रत्येक ओळीला एक लॅटरल (ओळीतून जाणारी ठिबकची नळी) धरली तर एकरी ८,७१२ फूट, म्हणजे सुमारे २,६५५ मीटर, तीन एकरांना ७,९६६ मीटर. बंडल ४०० मीटरचं असेल तर २० बंडलं जेमतेम पुरतात. कापाकापीत जाणारं धरून २१ घ्या. बांध, रस्ता, विहिरीची जागा वजा केली की हे सगळे आकडे खाली येतात, म्हणून आधी शेत टेपने मोजा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष लागवडीचं क्षेत्र एक नसतं.

आता फांद्या.

‘जमीन’ फांदीला उन्हाळी नांगरट, शेणखत पसरणे, रोटाव्हेटर, ओळी आखणे, गादीवाफे, वाऱ्याच्या बाजूने शेवरी लावणे. माती परीक्षणाचं पान इथेच येतं आणि या फांदीत ते सगळ्यात आधीचं, कारण अहवाल आल्याशिवाय बेसल डोस (लागवडीच्या वेळचं खत) ठरत नाही.

‘ठिबक’ ही सगळ्यात भरगच्च फांदी. तिला तीन डहाळ्या द्या: कागद, खरेदी, जोडणी. कागदांत अनुदानाचा ऑनलाइन अर्ज, पूर्वसंमती (खरेदीआधी मिळवायची मंजुरी), कोटेशन, बिल चढवणे. खरेदीत लॅटरल, सबमेन, व्हॉल्व्ह, फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यातून खत सोडायचं साधन). जोडणीत चर खोदणे, सबमेन टाकणे, चर बुजवणे, लॅटरल पसरणे, टोकं उघडी ठेवून नळ्या धुणे, शेवटी दाब तपासणे. ‘धुणे’ हे पान हमखास विसरलं जातं. मग पाइपातली माती आणि प्लॅस्टिकचा भुसा तोट्यांत अडकतो आणि ओळीच्या टोकाची रोपं पहिल्याच आठवड्यात माना टाकतात.

‘रोपं’ फांदीला ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांची नोंदणी, आगाऊ रक्कम, गाडी ठरवणे, उतरवायला सावलीची जागा, खराब रोपं निवडून बाजूला काढणे, लागवड, पंधरवड्याने नांग्या भरणे. नांग्या भरण्याची तारीख १५ जूनच्या पुढे जाते. म्हणून ते पान नकाशावर ठेवा, पण रंग वेगळा द्या.

‘पाणी-वीज’, ‘माणसं’, ‘पैसा’ या उरलेल्या तीन फांद्या. ‘माणसं’ फांदीवर इथली एक खास गोष्ट लिहावीच लागते. खान्देशात सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं साल तिथूनच धरतात. मृगबागेच्या तयारीचा ऐन भर आखाजीनंतरचा. म्हणजे एप्रिलमध्ये ज्याला चर आणि सबमेनची आखणी दाखवून ठेवली, तोच माणूस मे महिन्यात असेल याची खात्री नाही. ‘सालदाराशी पुढच्या सालाची बोली करणे’ हे पान आखाजीच्या आधी पडलंच पाहिजे. शिवाय त्या दिवसांत माहेरवाशिणी घरी असतात, मजुरीला येणाऱ्या बाया चार दिवस येत नाहीत. तेही तिथेच लिहून ठेवा.

‘काय अडू शकतं’ अशी सातवी फांदी काढा, नकाशाच्या खालच्या अंगाला. ऐन मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हातलं काम सकाळी अकरापर्यंतच होतं, म्हणजे मजुराचा पूर्ण दिवस धरलेला अंदाज तिथेच कोलमडतो. मोठा वळीव झाला तर काळ्या जमिनीत वापसा येईपर्यंत (ओल कमी होईपर्यंत) जेसीबी शिरत नाही. रोपांची गाडी आली आणि ठिबक तयार नसलं तर पिशवीतली रोपं उन्हात किती दिवस तगवणार? प्रत्येक अडचणीला एक पान जोडा: ‘वळवाच्या आधी चर पूर्ण करणे’, ‘शेडनेटचा मांडव उभा करणे’. अडचण लिहून नुसती सोडली तर ती काळजी होते. तिच्यापुढे क्रियापद आलं की ते काम होतं.

कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे नकाशावर कसं दाखवायचं?

एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत तुटक बाण काढा. ठिबक-कागदमधल्या ‘पूर्वसंमती’पासून ठिबक-खरेदीपर्यंत बाण जातो, कारण पूर्वसंमतीच्या आधी साहित्य घेतलं तर अनुदान अडकतं. ‘दाब तपासणे’पासून ‘रोपांची गाडी बोलावणे’पर्यंत दुसरा. ‘अंतर ठरवणे’पासून रोपांकडे आणि लॅटरलकडे दोन.

बाण सहा-सातवर थांबवा. फांदी ओलांडून जाणारेच काढा, एकाच फांदीतल्या कामांचा क्रम साध्या आकड्याने द्या. सगळेच बाण काढले की कागदावर कोळ्याचं जाळं होतं आणि कुणी त्याकडे बघत नाही. क्रमासाठी वेगळी साधनं आहेतच. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि सर्वात लांब साखळी शोधायची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाली. माइंड मॅपने त्यांना कच्चा माल पुरवायचा असतो.

नकाशाचं वेळापत्रक कसं करायचं?

एक वही किंवा स्प्रेडशीट घ्या. सहा रकाने: फांदी, पान, कुणी, किती दिवस, कशाच्या नंतर, कधीपर्यंत. नकाशावरची फक्त पानं उतरवा, फांद्या आणि डहाळ्या काम म्हणून उतरवू नका. नाहीतर ‘ठिबक’ आणि ‘ठिबकचे चर’ दोन्ही यादीत येतात आणि दिवस दुप्पट मोजले जातात.

तारखा शेवटाकडून मागे टाका. एक माणूस दिवसाला १५० रोपं लावतो असं धरलं तर ५,२२६ रोपांना ३५ मजूर-दिवस, म्हणजे ७ माणसं ५ दिवस. ते १० ते १४ जून. रोपं ८ तारखेला उतरली पाहिजेत. त्याआधी दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे ठिबकची चाचणी ५ तारखेला. लॅटरल पसरायला ४ दिवस, सबमेन आणि चर बुजवायला ३, चर खोदायला ३: हे १० दिवस मागे गेलं की चर २६ मेपासून सुरू व्हायला हवेत. त्या दिवशी साहित्य शेतात हवं, तर खरेदी २० मेपर्यंत, तर पूर्वसंमती त्याच्याही आधी हातात. ऊतिसंवर्धित रोपांची नोंदणी तर दोन-तीन महिने आधीच करावी लागते, म्हणजे मार्चमध्ये. लागवड जूनची, पण नकाशा फेब्रुवारीत काढायचा तो एवढ्यासाठी. दिवसाला १५० हा आकडा तुमच्या मजुरांचा तुम्हीच घाला. ओळी आखलेल्या आणि खड्डे तयार असतील तर तो वाढतो.

सर्वात लांब साखळी सापडली की तिच्यातल्या पानांना नकाशावर लाल कडा द्या. इथे ती पूर्वसंमती, खरेदी, चर, सबमेन, लॅटरल, चाचणी, गाडी, लागवड अशी आहे. यातलं एक पान एक दिवस सरकलं तर मधले मोकळे दिवस आधी खर्ची पडतात आणि मग १५ जून हलतो. शेवरी लावणं आठवडाभर मागे गेलं तरी तारीख हलत नाही.

खर्च नकाशावर लिहायचा का?

हो, पण पानावरच. पानांची बेरीज डहाळीवर, डहाळ्यांची फांदीवर, फांद्यांची मध्याखाली. अंदाज काळ्या पेनने, प्रत्यक्ष खर्च लाल पेनने त्याच्याच शेजारी. अनुदानाची रक्कम खर्चातून वजा करून लिहू नका. ती नंतर येते, तोवर पैसा तुमच्या खिशातून उभा करावा लागतो.

घरच्यांसोबत किंवा गटात नकाशा काढताना काय सांभाळायचं?

पाच ते सात माणसं पुरे. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठ्या लिहायच्या. लिहिणं जमत नसेल त्याच्या शेजारी शाळेतलं पोर बसवा, तो सांगेल, पोर लिहील. नंतर वाचून दाखवायची सुरुवात धाकट्यापासून करा. घरात आबा किंवा नाना आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. त्यांच्याबद्दलचा आदर चांगला आहे, पण त्यात चिठ्ठ्या खिशातच राहतात. थोरल्यांनी शेवटी बोलावं आणि काय सुटलं ते दाखवावं. तिथे त्यांचा अनुभव जास्त कामी येतो.

निंदणी-लागवडीला येणाऱ्या बायांपैकी एक-दोघींना बोलवा. दिवसाला किती रोपं होतात, पाणी पिण्याची सोय किती लांब, सावली कुठे, याचा खरा आकडा त्यांच्याकडेच असतो. चिठ्ठ्या अहिराणीत किंवा लेवा बोलीत आल्या तर तशाच लावा. चिठ्ठी ज्याने लिहिली त्याला ती दोन महिन्यांनी वाचून कळली पाहिजे, बस.

काम सुरू झाल्यावर नकाशाचं काय करायचं?

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं. गावाच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बसा. मजुरीचा हिशेब त्याच वेळी होतो आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून काय आणायचं तेही ठरतं. प्रत्येक पानापुढे एक गोल असू द्या: सुरू झालं की अर्धा भरा, झालं की पूर्ण. अडलेल्या पानाला लाल ठिपका आणि त्याखाली कशामुळे अडलं ते तीन शब्दांत.

‘नव्वद टक्के झालं’ असं लिहू नका. ठिबकचं नव्वद टक्के म्हणजे पाणी न येणारं ठिबक. पान झालं किंवा नाही झालं, एवढंच.

रद्द झालेलं काम खोडू नका, एक आडवी रेघ मारा. बैठक संपली की कोपऱ्यात तारीख टाकून फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. एक तृतीयांश चिठ्ठ्या बदलल्या असं वाटलं की नवी कार्डशीट घेऊन पुन्हा काढा. तीन आठवडे लागोपाठ एखाद्या फांदीवर एकही गोल भरला नाही, तर त्या फांदीला माणूस नाही असं समजा.

कोणतं ॲप वापरावं?

संगणक असेल तर फ्रीप्लेन. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, इंटरनेटशिवाय चालतं. दिसायला साधं आहे, पण शेकडो पानांचा नकाशाही सांभाळतं. एक्समाइंड दिसायला देखणं आहे. दोन-तीन ठिकाणच्या माणसांनी एकाच वेळी काढायचा असेल तर माइंडमाइस्टरसारखं ऑनलाइन साधन लागतं, त्याला चांगलं नेटवर्क हवं. फ्रीप्लेन आणि एक्समाइंड दोन्हींत टॅब दाबलं की पोटातलं पान आणि एंटर दाबलं की शेजारचं पान तयार होतं. या दोन कळा हाताला बसल्या की माऊस लागत नाही.

मराठीसाठी तीन गोष्टी पाहा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर चिकटवला तर भलतीच अक्षरं दिसतात. चौकोन दिसले तर फाँट बदलून मंगल, निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. आणि छापायच्या आधी पीडीएफ उघडून जोडाक्षरं तपासा. ‘ठिबक’ची वेलांटी पुढच्या अक्षरावर गेलेली दिसली तर पीडीएफऐवजी चित्र म्हणून, पीएनजीत निर्यात करा.

मोबाईलवर काढला तर?

चिठ्ठ्या टिपायला आणि शेतात उभं राहून गोल भरायला मोबाईल ठीक. पहिला नकाशा मात्र मोबाईलवर काढू नका. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर एका वेळी एकच फांदी दिसते, आणि सगळ्या फांद्या एकदम नजरेखाली असणं हेच तर हवं असतं.

कुठल्या कामाला माइंड मॅप वापरू नये?

दरवर्षी त्याच क्रमाने होणाऱ्या कामाला तपासयादी पुरते. एकामागून एक सरळ रेषेत चालणाऱ्या कामालाही नको, उदाहरणार्थ चिप्सची तळणी: सोलणे, काप, तळणे, मीठ-मसाला, पॅकिंग. तिथे फांद्याच नाहीत. ते युनिट उभं करायला मात्र नकाशा हवा: जागा, यंत्रं, अन्न परवाना, उद्यम नोंदणी, वेष्टन, केळी पुरवठा, विक्री.

लागवड झाली, काम संपलं. आता हा नकाशा टाकून द्यायचा?

टाकू नका. शेवटचा फोटो काढा. मग हिरव्या पेनने प्रत्येक फांदीवर दोन नोंदी करा: कोणतं पान आधी सुचलं नव्हतं, आणि कोणत्या पानाला किती दिवस जास्त लागले. रोपं दिवसाला १५० ऐवजी १२० लागली असतील तर तोच आकडा लिहा. कार्डशीट गुंडाळून शेतीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी कांदेबाग (पावसाळा संपताना लावायची केळीची बाग) घ्यायची ठरली तर मध्यातली तारीख बदलते, ‘काय अडू शकतं’ फांदीत उन्हाऐवजी थंडी येते, आणि बाकीच्या अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्या तशाच्या तशा नव्या कागदावर चिकटतात.